लिली माँटेग्यू

लिलियन हेलन ऊर्फ लिली माँटेग्यू (जन्म : लंडन, २२ डिसेंबर १८७३, मृत्यू : लंडन, २२ जानेवारी १९६३) या इंग्लंडमधील ज्यू समाजसेविका, युवती मंडळांच्या चळवळीच्या एक प्रवर्तक आणि उदारमतवादी ज्यू पंथाच्या संस्थापकांपैकी एक होत्या. लंडनच्या सोहो भागात राहणाऱ्या स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील कामकरी मुलींसाठी त्यांनी १८९३ मध्ये ‘वेस्ट सेंट्रल ज्यूइश गर्ल्स क्लब’ ही संस्था सुरू केली. या क्लबातील अनुभवातूनच त्यांचे पुढील कामगारविषयक आणि धर्मसुधारणेचे कार्य आकाराला आले. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे भारतीयांना परिचित असलेले भारतमंत्री एडविन माँटेग्यू हे त्यांचे धाकटे बंधू होत.

कौटुंबिक पार्श्वभूमी

लिली या सॅम्युएल माँटेग्यू आणि एलन कोहेन यांच्या दहा अपत्यांपैकी सहाव्या. वडील मूळचे लिव्हरपूलचे. त्यांनी तरुण वयात लंडनमध्ये स्वतःची पेढी काढली आणि परकीय चलनाच्या व्यवहारात मोठी संपत्ती मिळवली. १८८५ ते १९०० या काळात ते लिबरल पक्षाच्या वतीने व्हाइटचॅपल मतदारसंघातून संसदेवर निवडून येत होते. १९०७ मध्ये त्यांना बॅरन स्वेदलिंग हा किताब मिळाला. पॅलेस्टाइनचे पहिले ब्रिटिश उच्चायुक्त हर्बर्ट सॅम्युएल हे लिली यांचे चुलतभाऊ. त्यांची थोरली बहीण हेन्रिएटा फ्रँकलिन या शिक्षणसुधारणा आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत अग्रभागी होत्या.

सॅम्युएल माँटेग्यू हे कट्टर सनातनी ज्यू होते. श्रीमंती आणि राजकारण सांभाळताना त्यांनी धर्मनियमांत कधी सवलत घेतली नाही. त्यांच्या मतदारसंघात पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यूंची दाट वस्ती होती. या लोकांनी आपापल्या गावच्या रीतीप्रमाणे खोल्याखोल्यांतून छोटी प्रार्थनास्थळे चालवली होती. लंडनमधील प्रस्थापित ज्यू त्यांच्याकडे काहीशा उपेक्षेने पाहत. माँटेग्यू यांनी १८८७ मध्ये अशा प्रार्थनास्थळांचा महासंघ स्थापन करून त्यांना संरक्षण आणि प्रतिष्ठा मिळवून दिली. १८८९ मध्ये ईस्ट एंडमधील शिंपीकामगारांचा संप मिटवण्यातही त्यांनी मध्यस्थी केली. स्थलांतरितांविषयीची आस्था लिली यांना घरातूनच मिळाली. मात्र त्या आस्थेतून वडील आणि मुलगी यांनी काढलेले निष्कर्ष परस्परविरुद्ध ठरले.

शिक्षण आणि धार्मिक जडणघडण

लिली यांचे शालेय शिक्षण वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत झाले. पुढील अध्ययन त्यांनी घरीच शिक्षकांकडे केले. त्या काळातील संपन्न ज्यू कुटुंबांत मुलींना इंग्रजी साहित्य, संगीत आणि परकीय भाषा यांचे शिक्षण मिळे. हिब्रू धर्मग्रंथांचे सखोल अध्ययन मात्र प्रामुख्याने मुलांसाठी असे. सिनेगॉगमध्ये स्त्रिया वरच्या सज्जात बसत आणि सामुदायिक उपासनेत त्यांना प्रत्यक्ष भाग नसे. घरातील धर्माचरण काटेकोर असूनही त्यात अंतःकरणाला स्पर्श करणारे काही उरलेले नाही, असे लिली यांना तरुणपणी तीव्रतेने जाणवू लागले.

न्यू वेस्ट एंड सिनेगॉगचे धर्मोपदेशक सिमियन सिंगर यांच्या पाठिंब्याने त्यांनी तेथे मुलांसाठी स्वतंत्र उपासना सुरू केली. त्यात इंग्रजी भाषेचा वापर होई. लिली तेव्हा विशीच्याही आतल्या होत्या. ज्या बायबल-पंडिताच्या विचारांचा त्यांच्यावर सर्वाधिक प्रभाव पडला ते क्लॉड माँटेफिओरी. धर्माचा गाभा त्याच्या नैतिक शिकवणीत असून बाह्य विधी कालानुसार बदलू शकतात, या त्यांच्या मांडणीत लिली यांना आपल्या अस्वस्थतेचे उत्तर सापडले.

सोहोतील ज्यू वस्ती

१८८१ नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या आणि त्यांच्यावर नवे निर्बंध लादले गेले. त्यामुळे रशिया, पोलंड, रुमानिया या प्रदेशांतून लाखो ज्यू पश्चिमेकडे निघाले. बहुतेक अमेरिकेला गेले; पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत लाखाहून अधिक ब्रिटनमध्ये स्थिरावले. त्यांची मुख्य वस्ती लंडनच्या पूर्व भागात, व्हाइटचॅपल आणि स्टेपनी येथे होती. दुसरी, तुलनेने लहान वस्ती शहराच्या मध्यभागी सोहो आणि त्याच्या आसपास वाढली. जवळच्या वेस्ट एंड भागातील उंची कपड्यांच्या दुकानांना लागणारे शिवणकाम हे या वस्तीच्या उपजीविकेचे प्रमुख साधन होते.

मुली तेरा-चौदा वर्षांच्या झाल्या की शाळा सोडून कामाला लागत. कोट आणि झगे शिवणे, काजे करणे, टोप्या तयार करणे अशी कामे त्या करीत. लंडनमधील उच्चभ्रू समाजाच्या समारंभांच्या हंगामात रात्री उशिरापर्यंत काम चाले आणि हंगाम संपला की आठवडेच्या आठवडे बेकारी येई. घर म्हणजे बहुधा एक-दोन खोल्या. त्यातच पुष्कळदा वडिलांचे शिवणयंत्र असे. घरात यिडिश आणि कामाच्या ठिकाणी इंग्रजी अशा दोन भाषांत या मुली वावरत. संध्याकाळी मोकळ्या वेळी जाण्यासाठी त्यांच्यापुढे रस्ता, स्वस्त करमणुकीची नाट्यगृहे आणि नृत्यगृहे याखेरीज फारसे पर्याय नव्हते.

अशा मुलामुलींसाठी क्लब काढण्याची कल्पना त्या दशकात लंडनमध्ये रुजत होती. मुलांसाठी १८९५ मध्ये ज्यूइश लॅड्स ब्रिगेड हे कवायती पथक निघाले; त्याचे संस्थापक कर्नल आल्बर्ट गोल्डस्मिड यांचा जन्म पुण्याचा होता. १८९६ मध्ये व्हाइटचॅपल भागात ब्रॅडी स्ट्रीट क्लब सुरू झाला. बेझिल हेन्रिक्स यांचा ऑक्सफर्ड अँड सेंट जॉर्जेस हा पुढे नावारूपाला आलेला क्लब १९१४ चा. लिली माँटेग्यू यांचा क्लब या सर्वांच्या आधीचा आणि खास मुलींसाठी होता.

वेस्ट सेंट्रल क्लब

१८९३ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, लिली यांनी बहीण मेरियन यांच्या साथीने सोहोतील डीन स्ट्रीट येथे क्लब सुरू केला. दिवसभराचे काम आटोपून मुली तेथे येत. शिवणकाम, गायन, कवायत, वाचन, नाट्यप्रयोग असे उपक्रम चालत. इंग्रजी लिहिण्या-वाचण्याचे आणि धार्मिक शिक्षणाचे वर्गही असत. सुट्टीच्या काळात मुलींना शहराबाहेर, समुद्रकाठी नेण्याची व्यवस्था केली जाई. ज्यांनी लंडनच्या चिंचोळ्या गल्ल्यांपलीकडे फारसे काही पाहिले नव्हते, त्यांच्यासाठी हा अनुभव अपूर्व होता.

सुखवस्तू स्त्रियांनी गरीब मुलींना फावल्या वेळात काही शिकवावे, ही त्या काळी रूढ असलेली सेवेची कल्पना होती. लिली यांनी आरंभ त्याच चौकटीत केला. पण त्या लवकरच तिच्या पलीकडे गेल्या. क्लबातील मुलींशी नित्य संबंध आल्यावर दोन गोष्टी त्यांच्या लक्षात आल्या. पहिली अशी की, चौदा तास राबून थकलेल्या मुलीला केवळ गाणी शिकवून तिचे भले होणार नाही. तिच्या कामाची स्थिती सुधारली पाहिजे. दुसरी अशी की, या मुलींना आईवडिलांचा धर्म समजेनासा झाला आहे आणि त्याच्या जागी दुसरे काही मिळालेले नाही. लिली यांच्या पुढील आयुष्यातील कार्याच्या दोन्ही धारा या दोन निरीक्षणांतून निघाल्या.

या कार्याला मेरियन यांची आयुष्यभर साथ लाभली. दोघी बहिणी अविवाहित राहिल्या आणि बेझवॉटर भागातील ‘रेड लॉज’ या घरात एकत्र राहिल्या.

कामकरी मुलींचे प्रश्न

कारखान्यांविषयीचे कायदे अस्तित्वात होते. परंतु लहान शिवणघरांत काम करणाऱ्या मुलींना ते ठाऊक नसत आणि ठाऊक असले तरी तक्रार करणारीची नोकरी जाण्याची भीती असे. क्लबात मात्र मुली मोकळेपणाने बोलत. ठरलेल्या तासांपेक्षा अधिक काम, कोंदट खोल्या, अकारण कापलेली मजुरी या गोष्टी क्लबचालिकांना कळत. त्या योग्य ठिकाणी पोहोचवता येतात आणि तक्रारदार मुलीचे नावही गुप्त राहते, हे लिली यांनी ओळखले. निरनिराळ्या क्लबांनी एकत्र येऊन मुलींना कायद्याची माहिती द्यावी आणि कायदेभंगाकडे कारखाना-निरीक्षकांचे लक्ष वेधावे, यासाठी त्यांनी संघटित प्रयत्न केले. या कामात पुढे पंतप्रधान झालेले रॅम्से मॅकडोनाल्ड यांच्या पत्नी मार्गारेट मॅकडोनाल्ड या त्यांच्या निकटच्या सहकारी आणि मैत्रीण होत्या.

शहरी तरुणांच्या जीवनावरील एका लेखसंग्रहात लिली यांनी १९०४ मध्ये कामकरी मुलींविषयी दीर्घ लेख लिहिला. त्या पुस्तकाचा विषय मुख्यतः मुलगे हा असल्याने मुलगी नेहमीच पार्श्वभूमीवर राहते, हे त्यांनी लेखाच्या शीर्षकातूनच सूचित केले होते. स्वस्त मजुरीवर पिळवणूक होणाऱ्या धंद्यांत किमान वेतन ठरवणारा कायदा १९०९ मध्ये संमत झाला आणि तयार कपड्यांचे शिवणकाम त्याच्या कक्षेत आले.

१९११ मध्ये देशभरातील युवती क्लबांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या स्थापनेत लिली यांचा प्रमुख वाटा होता. ही संघटना कोणत्याही एका धर्माची नव्हती. स्थलांतरित ज्यू मुलींमध्ये काम करणाऱ्या स्त्रीने ख्रिस्ती आणि इतर क्लबांसह एक व्यापक संस्था उभारावी, ही त्या काळाच्या मानाने लक्षणीय घटना होती. कालांतराने या संघटनेत मुलामुलींचे संयुक्त क्लबही सामील झाले. आज ती ‘यूके यूथ’ या नावाने कार्यरत आहे.

उदारमतवादी ज्यू चळवळ

ज्यू धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा काळ शब्बाथ म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी काम वर्ज्य असते. कोकणातील बेने इस्राएल लोक शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ असे नाव पडले होते. लंडनच्या कामकरी मुलींना मात्र शनिवारी सकाळी कामावर हजर राहावे लागे. त्यामुळे सिनेगॉगमधील मुख्य उपासना त्यांना चुके. कधी जाणे झाले, तरी हिब्रूतील दीर्घ प्रार्थना त्यांना कळत नसत. नियम मोडल्याची टोचणी मनात राही आणि हळूहळू धर्माशी असलेला संबंधच तुटे.

लिली यांनी जानेवारी १८९९ मध्ये ‘ज्यूइश क्वार्टर्ली रिव्ह्यू’ या नियतकालिकात एक लेख लिहून ज्यू धर्माच्या आध्यात्मिक शक्यतांची चर्चा केली. श्रीमंतांचा धर्म रूढीपुरता उरला आहे आणि स्थलांतरितांची श्रद्धा जिवंत असली तरी ती त्यांच्या मुलांपर्यंत पोहोचेल अशा रूपात नाही, असा त्यांचा एकूण आशय होता. समविचारी व्यक्तींनी एकत्र यावे, असे आवाहनही त्यांनी केले. त्यानंतर त्यांनी अनेकांना पत्रे लिहून पाठिंबा मिळवला. फेब्रुवारी १९०२ मध्ये ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ या संस्थेची स्थापना झाली आणि माँटेफिओरी तिचे अध्यक्ष झाले.

संस्थेची पहिली उपासना १८ ऑक्टोबर १९०२ रोजी लंडनमधील एका हॉटेलच्या सभागृहात झाली. तो शनिवार होता आणि वेळ दुपारची ठेवली होती. सकाळचे काम संपवून लोकांना येता यावे, हा त्यामागील हेतू. स्त्री-पुरुष एकत्र बसले आणि बऱ्याचशा प्रार्थना इंग्रजीत झाल्या. बाहेरून छोटे वाटणारे हे बदल सनातन्यांच्या दृष्टीने गंभीर होते. मुख्य रब्बी हर्मन ॲडलर यांनी विरोध केला. प्रारंभी सहभागी झालेले सिमियन सिंगर यांनाही पुढे माघार घ्यावी लागली. तरीही संस्था टिकली. १९११ मध्ये लंडनमध्ये लिबरल ज्यूइश सिनेगॉगची स्थापना झाली आणि पुढील वर्षी इस्राएल मॅटक हे त्याचे रब्बी झाले.

वडिलांशी मतभेद

लिली यांच्या या कार्यामुळे सॅम्युएल माँटेग्यू अत्यंत व्यथित झाले. स्थलांतरितांच्या ज्या सनातन श्रद्धेला आधार देण्यासाठी त्यांनी महासंघ उभारला होता, तिच्यात बदल घडवण्याचे काम त्यांचीच मुलगी करू लागली होती. पूर्व युरोपातून आलेल्या पिढीला तिची जुनी उपासना जशीच्या तशी मिळावी, ही वडिलांची भूमिका होती. त्या पिढीच्या इथे वाढलेल्या मुलींना समजेल अशी उपासना हवी, ही लिली यांची. वडील आणि मुलगी एकाच समाजाच्या दोन पिढ्यांकडे पाहत होते.

हा दुरावा अखेरपर्यंत पूर्णपणे मिटला नाही. सॅम्युएल माँटेग्यू यांचे जानेवारी १९११ मध्ये निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्रात उदारमतवादी पंथाविषयीची नापसंती स्पष्टपणे व्यक्त झाली होती आणि मुलांना मिळणारा वारसा धर्मनिष्ठेच्या अटींशी बांधलेला होता. लिली यांनी आपले कार्य थांबवले नाही. त्याचबरोबर वडिलांविषयीचा आदरही सोडला नाही. १९१३ मध्ये त्यांनीच वडिलांचे चरित्र प्रसिद्ध केले. वैयक्तिक जीवनात त्या शब्बाथ निष्ठेने पाळत राहिल्या.

व्यासपीठ आणि न्यायासन

१५ जून १९१८ रोजी लिली यांनी लिबरल ज्यूइश सिनेगॉगमध्ये प्रथमच प्रवचन दिले. त्या काळी ज्यू प्रार्थनामंदिरात स्त्रीने प्रवचन करणे ही जवळजवळ अकल्पनीय गोष्ट होती. १९२८ मध्ये क्लबाच्या परिसरातील उपासकांचा स्वतंत्र वेस्ट सेंट्रल उपासकसंघ स्थापन झाला. त्याच्या धर्मोपदेशक म्हणून लिली यांनी दीर्घकाळ काम पाहिले. त्यांना रब्बीपदाची औपचारिक दीक्षा नव्हती, तरी उपासना चालवणे, प्रवचन देणे, कुटुंबांच्या सुखदुःखात सहभागी होणे ही कामे त्या करीत.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये स्त्रियांना मॅजिस्ट्रेट होण्याचा मार्ग खुला झाला. या पदावर आरंभी नियुक्त झालेल्या स्त्रियांत लिली होत्या. बालन्यायालयातील कामात क्लबाचा अनुभव त्यांच्या उपयोगी पडला.

जागतिक संघटन आणि मुंबईशी संबंध

जगभरातील सुधारणावादी ज्यू गटांना एकत्र आणण्यासाठी १९२६ मध्ये लंडन येथे परिषद झाली आणि तिच्यातून ‘वर्ल्ड युनियन फॉर प्रोग्रेसिव्ह ज्युडाइझम’ या संस्थेचा जन्म झाला. या परिषदेच्या आयोजनात लिली अग्रेसर होत्या. संस्थेच्या सचिव म्हणून त्यांनी अनेक वर्षे जगभर पत्रव्यवहार सांभाळला. लिओ बेक यांच्यानंतर काही काळ अध्यक्षपदही भूषवले. १९२८ च्या बर्लिन परिषदेच्या वेळी त्यांनी तेथील सुधारणावादी सिनेगॉगमध्ये प्रवचन दिले. जर्मनीत ज्यू व्यासपीठावरून प्रवचन करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. बर्लिनच्याच रेगिना जोनास यांना जगातील पहिल्या स्त्री रब्बी म्हणून दीक्षा मिळाली ती त्यानंतर सात वर्षांनी.

या चळवळीचा धागा महाराष्ट्रापर्यंतही आला. पुण्यात शालेय शिक्षण आणि मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या बेने इस्राएल समाजातील डॉ. जेरुशा झिराड या पुढील अभ्यासासाठी लंडनला गेल्या होत्या. तेथे त्यांचा उदारमतवादी ज्यू चळवळीशी परिचय झाला. मायदेशी परतल्यावर त्यांनी १९२५ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियनची स्थापना केली. तिचे रोदेफ शालोम सिनेगॉग पुढे भायखळा भागात उभे राहिले. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या अधीक्षक म्हणून ख्याती पावलेल्या झिराड यांचा आणि लिली यांचा संपर्क पुढेही राहिला. या संघटनेमुळे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातील एक गट जागतिक उदारमतवादी चळवळीशी जोडला गेला.

युद्धकाळ आणि अखेरची वर्षे

१९३३ नंतर जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यूंना, विशेषतः रब्बींना, आश्रय आणि काम मिळवून देण्यासाठी वर्ल्ड युनियनने प्रयत्न केले. लंडनवरील हवाई हल्ल्यांत एप्रिल १९४१ मध्ये आल्फ्रेड प्लेस येथील क्लबाची इमारत उद्ध्वस्त झाली आणि तेथे अनेक जण मृत्युमुखी पडले. सुमारे अर्ध्या शतकाच्या कार्याचे केंद्र एका रात्रीत नाहीसे झाले. लिली तेव्हा ६७ वर्षांच्या होत्या. त्याही परिस्थितीत त्यांनी क्लबाचे आणि उपासकसंघाचे काम इतर जागांतून चालू ठेवले.

१९३७ मध्ये त्यांना ओ.बी.ई. आणि १९५५ मध्ये सी.बी.ई. हे ब्रिटिश सन्मान मिळाले. २२ जानेवारी १९६३ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

लेखन

लिली यांनी तरुणपणी ‘नेओमीज एक्झोडस’ (१९०१) आणि ‘ब्रोकन स्टॉक्स’ (१९०२) या कादंबऱ्या लिहिल्या. ‘थॉट्स ऑन ज्युडाइझम’ (१९०४) या ग्रंथात त्यांनी आपली धर्मविषयक भूमिका मांडली. ‘द फेथ ऑफ अ ज्यूइश वुमन’ (१९४३) हे आत्मपर पुस्तक आहे. ‘माय क्लब अँड आय’ या पुस्तकात वेस्ट सेंट्रल क्लबाचा इतिहास आला आहे.

मूल्यमापन

स्थलांतरितांच्या वस्तीतील ज्यू क्लबांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. हे क्लब चालवणारे बहुधा श्रीमंत आणि इंग्रजाळलेले ज्यू होते. नवागतांच्या मुलांना शक्य तितक्या लवकर इंग्रज बनवणे हा त्यांचा एक हेतू होता, असा आक्षेप घेतला जातो. यिडिश भाषेला आणि पूर्व युरोपातील चालीरीतींना या क्लबांत फारसे स्थान नव्हते. १९०५ च्या परदेशीय कायद्याने स्थलांतरावर निर्बंध घातले. त्यापूर्वीच्या विरोधी वातावरणामुळे प्रस्थापित ज्यूंना आपल्या बांधवांच्या वेगळेपणाची धास्ती वाटत होती, हेही खरे. लिली माँटेग्यू यांचे कार्य या टीकेतून सर्वस्वी वगळता येत नाही. सोहोतील मुली आणि केन्सिंग्टनच्या प्रासादतुल्य घरात वाढलेली संस्थापिका यांच्यातील अंतर मोठे होते.

परंतु त्यांचे वेगळेपण असे की, क्लबात येणाऱ्या मुलींच्या अडचणींनी त्यांनी स्वतःची मते बदलू दिली. मुलींची मजुरी आणि कामाचे तास पाहून त्या कामगार कायद्याकडे वळल्या. मुलींची शनिवारची अडचण ध्यानात घेऊन त्यांनी उपासनेची वेळ, भाषा आणि बैठक बदलली; त्यासाठी वडिलांची नाराजीही पत्करली. ज्या धर्मात स्त्रीला सज्जात बसावे लागे, त्याच धर्माच्या व्यासपीठावर त्या पोहोचल्या. ब्रिटनमधील उदारमतवादी ज्यू चळवळीच्या लंडन येथील केंद्राला ‘माँटेग्यू सेंटर’ असे त्यांचे नाव देण्यात आले.